स्ट्रेस थॅलियमची तयारी: तारीख घेण्यापासून रिपोर्ट हातात येईपर्यंत

गोव्यात फोंड्याला माझी फार्मसी आहे. महिन्यातून दोन-चार जण तरी अपॉइंटमेंटचा कागद घेऊन काउंटरवर येतात आणि विचारतात, "ह्यातली कुठली गोळी बंद करू?" कागदावर कुठे ‘स्ट्रेस थॅलियम’ लिहिलेले असते, कुठे ‘स्ट्रेस मिबी’, कुठे ‘मायोकार्डियल परफ्युजन स्कॅन’. तपासणी एकच. हृदयाच्या स्नायूला आरामात असताना किती रक्त पोहोचते आणि ताण पडल्यावर किती पोहोचते, याची दोन चित्रे काढून शेजारी-शेजारी ठेवायची. शिरेतून किरणोत्सारी औषधाचा छोटा डोस देतात. रक्त जिथे जाते तिथे ते औषध जाते, आणि गॅमा कॅमेरा ते टिपतो.

गोळ्यांचे उत्तर डॉक्टरांनीच द्यायचे असते आणि मी लोकांना परत तिकडेच पाठवतो. पण गोळ्यांइतकीच तयारी घरच्या स्वयंपाकघरात करायची असते आणि ती सांगायला कोणाला वेळ नसतो. तयारीतली चूक वेळेवर कळली तर तपासणी पुढे ढकलतात. एक दिवस, एक रजा आणि गाडीचे पेट्रोल जाते. चूक कळलीच नाही तर जास्त वाईट. तपासणी पार पडते, आणि धमनीत अडथळा असूनही चित्र स्वच्छ येऊ शकते. त्या रिपोर्टवर विसंबून माणूस निर्धास्त घरी बसतो. म्हणून खालचा क्रम नीट वाचा, आणि ज्यांची तपासणी आहे त्यांना वाचून दाखवा.

१. तारीख घेतानाच विचारायचे आणि सांगायचे

तारीख ठरवायला फोन कराल तेव्हाच एक कागद-पेन घेऊन बसा. चार गोष्टी विचारा. ताण चालवून देणार की इंजेक्शनने? दोन्ही चित्रे एकाच दिवशी की दोन दिवसांत? किरणोत्सारी औषध टेक्नेशियमचे की खरोखरच थॅलियमचे? आणि किती तास उपाशी, किती तास चहा-कॉफीशिवाय?

तिसरा प्रश्न लोकांना विचित्र वाटतो. नाव थॅलियमचे राहिले असले तरी आता बहुतेक ठिकाणी टेक्नेशियम-९९एम वापरतात. मधल्या वेळेत काय खायचे, किरणोत्सार अंगात किती दिवस राहतो, हे सगळे त्यावर ठरते. त्यामुळे हा प्रश्न विचाराच.

आता तुम्ही सांगायचे. दमा किंवा छातीत घरघर आहे का. गुडघे, कंबर, पाय दुखतात का. पेसमेकर आहे का, जुन्या ईसीजीवर ‘लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक’ असे काही लिहिले आहे का. वजन आणि उंची किती, कारण डोस वजनावर ठरतो आणि वजन जास्त असल्यास दोन दिवस लागू शकतात. गरोदरपणाची थोडी जरी शक्यता असली, किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर ते सर्वांत आधी.

गुडघ्यांबद्दल थोडे जास्त सांगतो, कारण आमच्याकडच्या बायका हे हमखास लपवतात. "चालवेल ओ, रोज देवळापर्यंत जाते मी," असे सांगून ट्रेडमिलवर चढतात, आणि तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला गुडघा धरून उतरतात. हृदयावर पुरेसा ताण पडलाच नाही तर ताणाच्या चित्राला अर्थ उरत नाही. गुडघा दुखतो असे आधी सांगितले तर इंजेक्शनने ताण देतात. ती काही कमी दर्जाची तपासणी नव्हे.

गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड किंवा खाजगी विमा असेल तर ही तपासणी त्यात बसते का आणि मंजुरी आधी घ्यावी लागते का, हे त्याच फोनवर विचारा. तपासणीच्या सकाळी काउंटरवर ही चौकशी करू नये. उपाशी माणूस बाकावर ताटकळत बसतो.

तपासून पाहा: तारीख, वेळ, ताणाचा प्रकार, औषधाचे नाव, उपवासाचे तास. पाचही गोष्टी कागदावर आल्या का?

सावध: जायला जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. टेक्नेशियमची मात्रा दर सहा तासांनी निम्मी होते. तुमच्या नावाचा डोस त्या दिवसाचाच असतो, तो दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही.

२. गोळ्यांची यादी, निदान तीन दिवस आधी

सगळ्या गोळ्यांची पाकिटे एका पिशवीत भरा आणि ती पिशवी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवा. नुसती नावे तोंडी सांगू नका. पाकिटावर मोठ्या अक्षरात असते ते कंपनीने दिलेले नाव, त्याखाली बारीक अक्षरात असते ते खरे औषध, आणि डॉक्टरांना ते बारीक अक्षरच हवे असते.

या तपासणीत अडचण करणाऱ्या गोळ्या ढोबळमानाने अशा:

नाडीचा वेग आवरून धरणाऱ्या. मेट्रोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, अटेनोलॉल, कार्व्हेडिलॉल, नेबिव्होलॉल. त्या चालू असल्या तर ट्रेडमिलवर कितीही चाललात तरी ठोके हवे तितके वाढत नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल यांचेही तसेच. निदानासाठी तपासणी असेल तर डॉक्टर त्या २४ ते ४८ तास थांबवतात. पण स्टेंट घालून झालेला असेल आणि औषधे चालू असताना हृदय कसे चालते हे पाहायचे असेल, तर याच गोळ्या मुद्दाम चालू ठेवायला सांगतात. म्हणजे शेजारच्या घरातल्या माणसाला जे सांगितले ते तुम्हाला लागू होईलच असे नाही.

दम्याच्या. थिओफिलिन, अमिनोफिलिन, डॉक्सोफिलिन, ॲसेब्रोफिलिन. ‘फिलिन’ने संपणारे नाव दिसले की त्यावर पेनाने खूण करा. इंजेक्शनच्या ताणात वापरतात ते ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसन या औषधांपुढे चालत नाही. ॲलर्जीच्या जोडगोळ्यांतही ॲसेब्रोफिलिन असते, आणि घेणाऱ्याला ती ‘सर्दीची गोळी’ वाटत असते.

डायपिरिडॅमोल. पक्षाघात होऊन गेलेल्या काही जणांना ॲस्पिरिनच्या जोडीला दिलेली असते. ती ॲडेनोसिनचा जोर वाढवते.

सोर्बिट्रेट आणि त्या जातीच्या नायट्रेटच्या गोळ्या. रोजची गोळी थांबवायची का ते डॉक्टर ठरवतील. जिभेखालची गोळी मात्र खिशात असलीच पाहिजे, आणि छातीत दुखले तर ती घ्यायचीच. घेतल्यावर तपासणी केंद्राला तसे सांगा.

आणखी एक, जे पुरुष काउंटरवर कधीच बोलत नाहीत. सिल्डेनाफिल किंवा टाडालाफिल गेल्या दोन-तीन दिवसांत घेतली असेल तर डॉक्टरांना खाजगीत सांगा. तपासणीत छाती दुखली आणि नायट्रेट द्यावे लागले, तर दोन्ही मिळून रक्तदाब धोकादायक रीतीने उतरतो.

सावध: वरची यादी वाचून एकही गोळी स्वतःहून बंद करू नका. मेट्रोप्रोलॉलसारखी गोळी अचानक सोडल्यावर छातीत दुखणे वाढू शकते, हृदयविकाराचा झटकाही येऊ शकतो. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या या तपासणीसाठी सहसा थांबवत नाहीत. स्टेंट असलेल्याने तर रक्त पातळ ठेवणारी गोळी स्वतःच्या मनाने एक दिवसही चुकवू नये.

कोणती गोळी कधीपासून बंद आणि तपासणी झाल्यावर कधी सुरू, हे दोन्ही लिहून घ्या. बंद करायचे सगळ्यांच्या लक्षात राहते, सुरू करायचे राहत नाही. माझ्याकडे एक गृहस्थ पंधरा दिवसांनी वाढलेला रक्तदाब घेऊन आले. कारण विचारल्यावर म्हणाले, "मला परत सुरू कर म्हणून कोणी सांगितलेच नाही."

३. चहा बंद: २४ तास, आणि त्याच्या आधीचे दोन दिवस

सगळ्यात जास्त तपासण्या इथे बिघडतात. चहा-कॉफीतले कॅफिन हृदयाच्या धमन्यांतली नेमकी तीच जागा अडवते जिथे ॲडेनोसिन किंवा रेगाडेनोसन काम करते. कॅफिन अंगात असले तर इंजेक्शन दिले तरी धमन्या हव्या तितक्या रुंदावत नाहीत, आणि अडथळा चित्रात दिसत नाही. निदान १२ तास कॅफिन नको असा नियम आहे. बरीच केंद्रे २४ तास सांगतात. २४ च धरून चला. ट्रेडमिलच होणार असे ठरलेले असले तरी धरा, कारण चालणे अपुरे पडले तर तिथल्या तिथे इंजेक्शनवर जाता येते. सकाळी चहा झालेला असला तर ती वाट बंद.

कॅफिन कशाकशात: चहा, मग तो बिनदुधाचा असो, लिंबाचा असो की हिरवा. कॉफी, कॅफिन काढलेली म्हणून विकतात तीसुद्धा. कोला. एनर्जी ड्रिंक. चॉकलेट, कोको, मुलांच्या दुधात घालायच्या चॉकलेटी पावडरी. कॉफीच्या गोळ्या-चॉकलेटे. आणि डोकेदुखीच्या, सर्दीच्या काही गोळ्या.

शेवटची गोष्ट मी पैसे मोजून शिकलो. आमच्या वाड्यावरच्या एका काकांची तपासणी बुधवारी होती. दिवसाला सहा-सात कप चहा घेणारा माणूस, पण मंगळवारी सकाळपासून त्यांनी कपाला हात लावला नाही. दुपारी चारच्या सुमाराला डोके ठणकायला लागले. चहा एकदम तोडला की असे होतेच. त्यांनी नातवाला माझ्या दुकानात पाठवले, दुकानातल्या मुलाने डोकेदुखीची नेहमीची गोळी दिली. बुधवारी सकाळी तिथल्या सिस्टरने विचारले, "काल काही औषध घेतलेत?" काकांनी खिशातून पाकीट काढून दाखवले. मागे बारीक अक्षरात छापलेले होते, कॅफिन ५० मिलिग्रॅम. तपासणी पुढच्या आठवड्यात गेली. सिस्टरने विचारले म्हणून निभावले. त्या संध्याकाळपासून कॅफिनवाली डोकेदुखीची पाकिटे मी वेगळ्या खणात ठेवतो, आणि देताना विचारतो.

म्हणून चहा एकदम तोडू नका. तीन दिवस आधीपासून उतरवत या. सहा कपांवरून चार, मग दोन, मग शून्य. तरीही डोके दुखलेच तर नुसती पॅरासिटामॉल चालते का ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, आणि पाकिटावर दुसरे कुठलेच नाव नाही ना, हे पाहून घ्या.

बुधवारी सकाळी ९ ची वेळ असेल तर हिशेब असा: रविवार-सोमवार चहा कमी करायचा. शेवटचा कप फार तर मंगळवारी पहाटे, आणि मंगळवारी सकाळी ९ च्या पुढे कॅफिनचा थेंबही नाही. तोंडाला काही गरम हवे असेल तर धणे-जिऱ्याचा कषाय घ्या, चहाची पूड न घालता. सोलकढी चालते, शहाळे चालते, ताक चालते. फेणी, हुर्राक, बिअर आदल्या दिवशी नको. विडी, सिगारेट, तंबाखू, मशेरी तर नकोच.

तपासून पाहा: घरातल्या सगळ्यांना सांगितले आहे का? चहा बहुतेक वेळा दुसऱ्याच्याच हातून येतो. सून सवयीने कप पुढे करते, आणि माणूस सवयीने पितो.

४. आदली रात्र आणि ती सकाळ

रात्री हलके जेवा. पेज, वरण-भात, थोडी भाजी. तळलेले आणि तिखट नको. नंतर साधारण ४ ते ६ तास उपाशी राहायचे असते. केंद्राने रात्रभर सांगितले असेल तर रात्रभर. पाणी चालते, आणि प्या. पाण्याने शीर सापडायला सोपी जाते.

मधुमेह असणाऱ्यांनी हा भाग दोनदा वाचावा. उपाशी पोटी नेहमीची इन्सुलिन किंवा साखरेची गोळी घेतली तर साखर धोकादायक उतरू शकते. किती घ्यायची, घ्यायची की नाही, हे डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्या. वेळ सकाळची पहिली मागा. साखर तपासायचे यंत्र, ग्लुकोजची पुडी आणि डबा बरोबर ठेवा. हातपाय थरथरले, घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर तपासणीचा विचार न करता साखर खा आणि लगेच तिथल्या माणसाला सांगा.

आंघोळ करा, पण छातीला खोबरेल तेल, पावडर, क्रीम काही लावू नका. ईसीजीच्या चकत्या चिकटत नाहीत, आणि आमच्या दमट हवेत घाम आला की चालता चालता गळून पडतात. छातीवर दाट केस असतील तर तिथे थोडी जागा साफ करतात.

कपडे: पुढून उघडणारा सैल शर्ट किंवा कुडता, पायात घट्ट बसणारे बूट. चपलेने ट्रेडमिलवर चढू देत नाहीत. साडी नेसणाऱ्यांनी सलवार किंवा ट्रॅक पँट बरोबर न्यावी. पावसाळ्यात बूट पिशवीत घालून न्या, भिजलेला तळ पट्ट्यावर घसरतो. मंगळसूत्र, साखळी, बांगड्या घरीच काढून ठेवलेल्या बऱ्या.

पिशवीत काय हवे: डॉक्टरांची चिठ्ठी, जुने ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीचे कागद, गोळ्यांची पाकिटे, दम्याचा पंप असेल तर तो, जिभेखालची गोळी, ओळखपत्र, योजनेचे कार्ड, पाणी, आणि एक डबा. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, कोणाला तरी बरोबर घ्या. काणकोणहून किंवा पेडण्याहून येणाऱ्यांनी आणि तपासणीसाठी बेळगावला जाणाऱ्यांनी तर नक्कीच. चोर्ला घाटातून उपाशी पोटी प्रवास असतो, आणि वाटेत चहाला थांबायची सवय फार जुनी. गाडी चालवणाऱ्यालाही सांगून ठेवा.

सावध: आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी बसल्या जागी छातीत दुखू लागले, धाप लागली, भोवळ आली, तर तपासणीची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा. ही तपासणी स्थिर माणसाची आहे.

५. तिथे पोहोचल्यावरचा क्रम

आधी कागदपत्रे आणि संमतीपत्र. मग हातात एक सुई बसवतात, ती शेवटपर्यंत राहते. बहुतेक ठिकाणी पहिले आरामाचे चित्र, नंतर ताण, नंतर ताणाचे चित्र असा क्रम असतो. काही ठिकाणी ताण आधी. सगळे धरून तीन ते पाच तास लागतात, आणि त्यातला बराच वेळ नुसते बसण्यात जातो.

किरणोत्सारी औषध देताना जळजळ होत नाही. काहींच्या तोंडाला क्षणभर धातूसारखी चव येते. सुंगटे (कोळंबी) किंवा मासे सोसत नाहीत त्यांना हे चालेल का, असे मला बरेच जण विचारतात. सीटी स्कॅनसाठी देतात ते आयोडीनचे औषध हे नव्हे, मासळीच्या ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही. तरीही कुठलीही ॲलर्जी असेल तर सांगावी.

६. ताण: चालताना आणि इंजेक्शन घेताना

ट्रेडमिल असेल तर वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढतो. नेहमीच्या पद्धतीत सुरुवात ताशी २.७ किलोमीटरने आणि १० टक्के चढाने होते, मग ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग साधारण साडेपाच आणि १४ टक्के. वेग किरकोळ वाटतो, दमवतो तो चढ. पणजीत आल्तिनोचा रस्ता चढताना पोटऱ्या भरून येतात, तसे समजा. ठोके किती वाढले पाहिजेत ते असे काढतात: २२० मधून वय वजा करायचे आणि त्याचे ८५ टक्के घ्यायचे. ६२ वर्षांच्या माणसाला १५८ चे ८५ टक्के, म्हणजे साधारण १३४.

इथे होणाऱ्या दोन चुका. पहिली, कठड्याला लोंबकळणे. हात टेकवून तोल सांभाळा, पण अंगाचा भार कठड्यावर टाकलात तर हृदयावर ताण कमी पडतो. दुसरी, पूर्ण दमल्यावरच "थांबवा" म्हणणे. किरणोत्सारी औषध ताणाच्या शिखरावर देतात आणि त्यानंतर साधारण एक मिनिट चालत राहावे लागते. म्हणून "आता अजून एक-दीड मिनिटच निघेल" असे वाटले की तेव्हाच सांगा. तुम्ही आधीच उतरलात तर औषध चुकीच्या वेळी जाते.

छातीत दुखले, जबडा किंवा हात ओढल्यासारखा वाटला, डोके हलके झाले, तर तिथेच बोला. सहन करून दाखवायची ही जागा नाही. दुखले केव्हा आणि किती, हाही तपासणीचाच भाग असतो.

इंजेक्शनचा ताण वेगळा वाटतो. ॲडेनोसिन चार ते सहा मिनिटे सलाईनसारखे चालते, रेगाडेनोसन एकदाच साधारण दहा सेकंदांत देतात. अंगात ऊब पसरते, चेहरा लाल होतो, छाती जड वाटते, श्वास मोठा होतो, डोके दुखते, पोटात कालवते. माझ्या आईला वाटले झटकाच आला. आधी कोणी सांगितले असते तर ती इतकी घाबरली नसती. ॲडेनोसिन थांबवल्यावर हे मिनिटभरात ओसरते. रेगाडेनोसनला थोडा जास्त वेळ लागतो, आणि गरज पडली तर उतारा म्हणून अमिनोफिलिन तिथे तयार असते. दमा असणाऱ्यांना बहुधा डोब्युटामिन देतात. त्याने छाती धडधडते, अगदी धावत आल्यासारखी.

तपासून पाहा: सुरू करायच्या आधी स्वतःहून सांगा, शेवटचा चहा कधी, शेवटची गोळी कधी. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.

७. मधली वेळ, जिथे उरलेल्या तपासण्या बिघडतात

औषध दिल्यानंतर अर्धा-एक तास थांबवतात. या वेळात टेक्नेशियमच्या तपासणीत काहीतरी स्निग्ध खायला सांगतात: दूध, लोणी लावलेला पाव, अंडे. कारण हे औषध यकृत आणि पित्ताशयातही जाते, त्याची चमक हृदयाच्या खालच्या भिंतीवर पडते, आणि स्निग्ध खाल्ले की ते पित्ताबरोबर आतड्यात पुढे सरकते. खरे थॅलियम असेल तर उलट, दुसऱ्या चित्रापर्यंत पोटात काही नको असे सांगू शकतात. म्हणून पहिल्याच फोनवर औषधाचे नाव विचारायला सांगितले.

आता आईच्या वेळची गोष्ट. आरामाचे चित्र झाले, ताण अजून व्हायचा होता. "काहीतरी खाऊन या," एवढेच सांगितले. आम्ही कँटीनमध्ये भाजी-पाव मागवला. आमच्याकडे भाजी-पावाबरोबर चहा मागावा लागत नाही, तो येतोच. पोराने ग्लास टेबलावर ठेवला, आईने पाव मोडला, चहात बुडवला आणि तोंडाकडे नेला. मी तिचे मनगट धरले. चहाचे दोन थेंब तिच्या पदरावर पडले. २४ तासांचा संयम त्या एका घासात गेला असता, आणि तिची काही चूकही नव्हती. "खाऊन या" म्हणजे उपास सुटला असेच कोणालाही वाटेल.

सावध: दुसरे चित्र होऊन "आता घरी जा" असे ऐकेपर्यंत चहा-कॉफी-चॉकलेट बंदच. खायला घरचा डबा सर्वांत सुरक्षित.

८. कॅमेऱ्याखाली

अरुंद पलंगावर उताणे झोपायचे, हात डोक्यावर, कॅमेरा छातीच्या अगदी जवळून फिरतो. १५ ते २० मिनिटे. एमआरआयसारखा बंद बोगदा नाही, आवाजही नाही. काम एकच, न हलणे. श्वास नेहमीसारखा घ्या, मुद्दाम खोल घेऊ नका. आधी लघवीला जाऊन या, खोकला असेल तर पाणी प्या. खांदा आखडलेला असेल तर झोपायच्या आधी सांगा, उशी देतात. डुलकी लागू देऊ नका, झोपेत हात घसरतो आणि सगळे परत करावे लागते.

खिशातली नाणी, गळ्यातले पदक, ब्रामधली तार यांची सावली चित्रात हृदयाच्या स्नायूतल्या खड्ड्यासारखी दिसू शकते, म्हणून काढायला सांगतात. बायकांनी पहिल्या चित्राला अंगावर जे ठेवले असेल तेच दुसऱ्यालाही ठेवावे, म्हणजे दोन्ही चित्रांची तुलना खरी होते.

कधी पालथे झोपवून आणखी एक चित्र घेतात. त्याने घाबरू नका. छाती आणि पोट यांच्यामधला पडदा किंवा स्तन आड येतात तेव्हा खरे आणि भासणारे वेगळे काढायला ते घेतात.

९. घरी आल्यावर

पाणी भरपूर प्या, लघवीला वारंवार जा, हात साबणाने धुवा. टेक्नेशियम २४ तासांत नुसत्या आपोआप होणाऱ्या घटीनेच सोळावा हिस्सा उरते, शिवाय लघवीवाटे जाते ते वेगळे. थॅलियम मात्र निम्मे व्हायलाच तीन दिवस घेते. टेक्नेशियमच्या तपासणीतला किरणोत्सार साधारण १० मिलिसिव्हर्टच्या आसपास असतो. निसर्गातून माणसाला जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतोच. वेगळ्या खोलीत राहायची, भांडी वेगळी ठेवायची गरज नाही. स्वयंपाक करा, जेवायला वाढा. तान्ह्या मुलांना तेवढा एक दिवस तासन्‌तास मांडीवर घेऊ नका, गरोदर सुनेला खेटून बसू नका.

दाबोळी किंवा मोपा विमानतळावरून परदेशी जाणारे आणि बोटीवर रुजू होणारे यांनी केंद्राकडून तपासणीचा दाखला मागून घ्यावा. विमानतळांवर आणि बंदरांवर काही ठिकाणी किरणोत्सार टिपणारी यंत्रे असतात, आणि ती वाजू शकतात. थॅलियम असेल तर काही आठवडे तो दाखला जवळ ठेवा.

इंजेक्शननंतर डोके जड राहिले असेल तर आता चहा घ्या. कॅफिन त्या औषधाचा परिणाम उतरवते. बंद केलेल्या गोळ्या लिहून घेतलेल्या वेळी सुरू करा. रात्री छातीत दुखले, धाप लागली किंवा सुईच्या जागी सूज आणि ठणका वाढत गेला तर थांबू नका.

१०. रिपोर्ट

रिपोर्टमध्ये तीन शब्द पाहा आणि ते डॉक्टरांना विचारा. ‘रिव्हर्सिबल’ म्हणजे आरामात रक्त ठीक पोहोचते, ताणात कमी पडते. तिथे बहुधा धमनी अरुंद आहे आणि स्नायू जिवंत आहे. ‘फिक्स्ड’ म्हणजे दोन्ही चित्रांत कमी. बहुधा जुन्या झटक्याचा व्रण, कधी नुसती सावली. ‘इजेक्शन फ्रॅक्शन’ म्हणजे प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले किती टक्के रक्त बाहेर पडते. ५० च्या वर असले तर साधारण ठीक.

त्याशिवाय आणखी एक ओळ शोधा, जी सहसा कोणी वाचत नाही: ताण पुरेसा झाला का. ट्रेडमिलवर ठोके ८५ टक्क्यांपर्यंत गेलेच नसतील तर ‘नॉर्मल’ या शब्दाचे वजन कमी होते. आणि तिन्ही मुख्य धमन्या सारख्याच अरुंद असतील तर कधीकधी सगळीकडे सारखेच रक्त कमी पडते आणि चित्र समान दिसते. म्हणून रिपोर्ट नॉर्मल असूनही चालताना छाती भरून येत असेल तर ते तसेच्या तसे डॉक्टरांना सांगा. रिपोर्टबरोबर चित्रांची सीडी मागून घ्या. पुढच्या वेळी तपासणी दुसरीकडे झाली तर नव्या डॉक्टरांना जुनी चित्रे शेजारी ठेवून पाहता येतील.